दादाच्या नावानं टाकलेला ऑप्शन

२१ जून, शनि.

सीईटीचे पर्सेंटाइल लागून पाच दिवस झाले तरी फोन थांबत नाहीत. ९३.६. वाईट नाही, नाचण्यासारखंही नाही. सगळ्यांना एकच विचारायचंय, इंजिनिअरिंगला कॉम्प घेणार की एआय. मामाचं मत एआय, कारण त्यानं कुठलातरी व्हिडिओ बघितलाय. ठाण्याची आत्या म्हणते कॉम्पच घे, एआय-बीआय पुढे शिकता येतं. आत्याचं बरोबर आहे, पण तसं तिला सांगितलं तर ती वर्षभर ऐकवेल.

कॉलेज कुठलं, हे मात्र कुणी विचारत नाही. "जवळचंच बघ हं," एवढंच, आवाज खाली आणून. दादाचं कॉलेज ज्या गावात आहे त्या गावाचं नाव आमच्या घरात घेत नाहीत. "तिकडे" म्हणतात. तीन वर्षं होतील सप्टेंबरात. सम्यकदादा तिकडे हॉस्टेलवर तापानं पडला आणि चौथ्या दिवशी गेला. डेंगी. सेकंड इयर कॉम्प. मी दहावीत होते.

आणि आता मीही कॉम्प म्हणतेय. लोक माझ्याशी बोलता बोलता माझ्या मागे बघतात, तिथे कुणी उभं असल्यासारखं. चिडचिड होते. एकदा मी स्वतःच मागे वळून बघितलं.

२८ जून, शनि.

रजिस्ट्रेशन केलं. दादाच्याच लॅपटॉपवर, दुसरा आहे कुठे.

आडनावाचं पहिलं अक्षर टाकलं आणि ब्राउझरनं आख्खा दादा भरून दिला. नाव, जन्मतारीख, पत्ता, पप्पांचा जुना नंबर, दहावीचे मार्क. एका क्लिकमध्ये. पप्पा मागे उभे होते. म्हणाले, "खोड ते." मग म्हणाले, "थांब." मग आत गेले आणि नळ सोडून बसले.

एकेक रकाना खोडून माझं लिहिलं. ही माहिती कायमची पुसायची का, असं लॅपटॉपनं विचारलं. नाही म्हटलं.

कागद सगळे आहेत. जात पडताळणीला लोक वर्ष वर्ष फेऱ्या मारतात, माझी चटकन झाली, कारण दादाची आधी झालेली होती. रक्ताचं नातं म्हणून त्याचीच प्रत जोडायची असते. आईनं दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवल्यात, एका पिनेत. स्कॅनसाठी माझी वेगळी काढली तर म्हणाली, "झालं की लगेच परत लाव."

५ जुलै, शनि.

ठाण्याचं कॉलेज बघून आलो, पप्पा आणि मी. पप्पांनी मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यातून सुट्टी घेतली, हे कौतुकाचं. एक थर्ड इयरची मुलगी सगळीकडे फिरवत होती. लॅब, लायब्ररी, आमचा कोडिंग क्लब, वगैरे. इतर पालक प्लेसमेंट विचारत होते. पप्पांनी विचारलं, "इथून जवळचं हॉस्पिटल कुठलं?" मुलगी हसली. मग ऑफिसात जाऊन क्लार्कला विचारलं, "मुलं आजारी पडली तर घरी कळवता का?" तो म्हणाला, "काका, ही मुलं रोज घरीच जातात." पप्पांनी त्याचे आभार मानले. एवढे मनापासून मी त्यांना कधी कुणाचे मानताना बघितलं नाही.

मग नौपाड्यात आत्याकडे. तिनं मागच्या खोलीतलं एक कपाट रिकामं करून ठेवलंय. डोंबिवलीहून रोज ये-जा जड गेली तर इथे राहा, कॉलेजला चालत जा. म्हणजे सगळं ठरलेलं आहे.

मला ते कॉलेज आवडलं. का, तर तिथल्या एकाही माणसानं दादाला बघितलेलं नाही. तिथे मी पहिली असेन.

तरी येताना डोक्यात तिकडचीच खोली. मी ती कधी बघितली नाही. पलंग कुठे होता, खिडकी होती का, पाणी प्यायला उठायला लागायचं का. आईपप्पा एकदाच गेले, तेही हॉस्पिटलात. सामान ओंकारनं आणून दिलं, त्याच्या रूममेटनं.

१० जुलै, गुरु.

आषाढ पौर्णिमा, वर्षावास सुरू. विहारात आईबरोबर गेले. आई पांढऱ्या साडीत. ग्रंथवाचन तिच्याकडेच असतं, आवाज चांगला आहे तिचा, अडखळत नाही. नंतर एका बाईंनी दुसरीला ओळख करून दिली, "या सम्यकच्या आई." मी शेजारी खीर वाटत होते. आईनं हात जोडले.

लिहूनच टाकते. तीन वर्षं नाही लिहिलं.

मंगळवार होता. क्लासहून आलेले, घरात कुणी नव्हतं. दादाचा फोन. "तेजू, जरा ताप आलाय. आईला सांगू नको, ती लगेच निघून येईल. परवा सबमिशन आहे. रविवारी मी येतोच." मी म्हटलं, मला काय मिळणार? तो म्हणाला, "तुझा विज्ञानाचा प्रोजेक्ट करून देतो, आख्खा." मी म्हटलं डन.

आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. ताप म्हटलं की ती आधी रक्त काढते आणि मग बोलते. मी एक वाक्य बोलले असते तर ती त्याच रात्री तिकडे असती. गुरुवारी हॉस्टेलवरून फोन आला, तोवर प्लेटलेट पार खाली. शुक्रवारी सकाळी संपलं.

मी एका प्रोजेक्टवर तोंड बंद ठेवलं. हे कुणाला माहीत नाही. ना आईला, ना पप्पांना. येत्या मार्चमध्ये मी एकोणीसची होईन, म्हणजे त्याच्याएवढी, आणि अजून सांगितलेलं नाही.

१८ जुलै, शुक्र.

तात्पुरती मेरिट लिस्ट आली. नाव बरोबर, कॅटेगरी बरोबर. सोसायटीतले एक काका जिन्यात म्हणाले, तुमचं बरं असतं, लवकर लागतं. मी म्हटलं, हो काका, सगळंच लवकर लागतं आमचं. त्यांना कळलं नाही. बरं झालं.

आईला दाखवली लिस्ट. तिनं चष्मा लावून नाव वाचलं, बोट फिरवलं त्यावरून. "ठाण्याचं होईल ना?" होईल म्हटलं.

२६ जुलै, शनि.

ऑप्शन फॉर्म भरला. कल्याणला घरत सरांकडे, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची एक खोली आहे. अर्ध्या कल्याणचे फॉर्म तेच भरतात. घरी भरता आला असता, पण पप्पांना एका अनुभवी माणसाचा हात लागलेला हवा होता.

घरत सरांची पद्धत ठरलेली. एकतीस कॉलेजं आधी कागदावर, मग स्क्रीनवर. आणि पहिली जागा मोकळी. म्हणाले, "पयला ऑप्शन देवाच्या नावानं टाकायचा. लागत नाय कधी, लागायला टाकायचाच नसतो. पन यादीची सुरवात मोठी पायजे." आमच्या आधीच्या मुलानं मुंबईतलं सगळ्यात मोठं टाकलं आणि खरोखर स्क्रीनला हात लावून नमस्कार केला.

पप्पा म्हणाले, "आमच्यात देवाच्या नावानं काही नसतं, सर."

"मग कोनाच्या तरी नावानं टाका, काका. मोकली नाय सोडायची."

पप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे. दोघांच्याही मनात एकच नाव आलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी सरांना कॉलेजचा कोड सांगितला. कोड मला पाठ आहे, दादाच्या आयकार्डवर होता. सरांनी कटऑफ काढून बघितला, गेल्या वर्षीचा माझ्यापेक्षा दीडनं वर. "नाय लागत," म्हणाले. "लागला तर मात्र जावं लागतं बरं का. पयला लागला की पुढचा चान्स नाय." आणि हसले. पप्पाही जरासे हसले. खूप दिवसांनी.

दुसऱ्या नंबरावर ठाणे कॉम्प. तिसरं ठाणे आयटी. मग नवी मुंबई, मग बाकीचे.

पप्पांच्या फोनवर ओटीपी आला, त्यांनी वाचला, सरांनी कन्फर्म केलं. जिना उतरताना पप्पा म्हणाले, "मान म्हणून ठेवलं. आईला सांगायची गरज नाही." मला बरं वाटलं. दादाला एक जागा दिली असं वाटलं. काय मूर्खपणा.

२७ जुलै, रवि.

आईनं प्रिंट मागितली. पप्पांनी दाखवली, अंगठा बरोबर पहिल्या ओळीवर धरून. आईनं दुसरीपासून वाचलं. "ठाणे पहिलं. बरं."

या घरात तिला न सांगायच्या गोष्टींची सवयच झालीय आम्हाला.

३१ जुलै, गुरु.

लागलं.

पहिला ऑप्शन. तिकडचं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग.

संध्याकाळी सहाला पान उघडलं. तीनदा रिफ्रेश केलं. चौथ्यांदाही तेच. या वर्षी तिकडे एक तुकडी वाढवली म्हणे, कटऑफ धाडकन खाली. कुणीच बघितलं नाही. मी नाही, पप्पांनी नाही, अर्ध्या कल्याणचे फॉर्म भरणाऱ्यांनीही नाही.

लॅपटॉप मिटला. आणि खरं लिहायचं तर धक्क्याच्या खाली कुठेतरी आनंदही झाला. बोलावल्यासारखं वाटलं. या वाटण्याचीच मला सगळ्यात भीती वाटली.

१ ऑग., शुक्र.

घरत सरांना फोन. आधी विश्वास बसेना त्यांचा. "अगं माझ्याकडं आजपरेंत एकाचा पन लागला नाय." मग नियम सांगितला. सोमवारी पाचच्या आत सीट स्वीकारायची. नाहीतर पुढच्या सगळ्या राउंडमधून बाहेर. ठाणे-बिणे विसरायचं. मग कॉलेजांच्या उरलेल्या सीटमध्ये मिळेल ते, किंवा डोंबिवलीतच बीएस्सी. किंवा वर्ष घालवायचं.

सकाळी आईला सांगावंच लागलं. ती लॅबला निघाली होती, डबा हातात. म्हणाली, "कोणी टाकलं?"

पप्पा म्हणाले, "मी." मी म्हटलं, "मी." एकाच वेळी.

तिनं चपला घातल्या आणि गेली. संध्याकाळी आली तेव्हा रोजच्यासारखी. भात लावला, मला कोथिंबीर निवडायला दिली. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

२ ऑग., शनि.

पप्पांचा निर्णय झाला. सोडायचं. "एक पोरगं दिलं त्यांना. दुसरं नाही देणार." मी म्हटलं पप्पा, कॉलेजनं काही केलं नव्हतं. ते म्हणाले, "काहीच केलं नाही, तेच म्हणतोय."

ओंकारला फोन लावला. तो आता घोडबंदरला एका कंपनीत आहे. कॉलेजचं विचारलं. चांगलं आहे म्हणाला, कॉम्पचे दोन सर फारच चांगले, मुलींचं हॉस्टेल वेगळ्या बाजूला, आता डॉक्टर रोज येतो. मग त्यानंच त्या दिवसाचं काढलं. दादानं मला फोन केला तेव्हा तो खोलीत होता. फोन ठेवल्यावर दादा म्हणाला होता, "बहीण पक्की व्यापारी आहे." हसत होता. ओंकारनं त्याला तापाची गोळी दिली आणि तो लायब्ररीत गेला, त्याचंही सबमिशन होतं. बुधवारी पण गेला. "मला वाटलं गोळीनं उतरेल गं," म्हणाला. हे त्यानं दोनदा सांगितलं.

इतके दिवस वाटायचं सगळा दोष माझ्या एकटीकडे आहे. थोडा ओंकारकडेही निघाला. हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

पण एक कळलं. आईला न सांगता मी कुठल्याच कॉलेजात जाऊ शकत नाही. ठाण्याला गेले असते तरी नाही.

३ ऑग., रवि.

सांगितलं.

सकाळी, पप्पा दळण आणायला गेले होते. आई लॅबचे पांढरे कोट इस्त्री करत होती. मी दारात उभं राहून सगळं बोलले. ताप, सबमिशन, आईला सांगू नको, आणि प्रोजेक्ट.

तिनं इस्त्री उभी केली. म्हणाली, "माहीत आहे."

दादाचा फोन सामानाबरोबर आला होता. तिनं तो चार्ज करून बघितला होता. "मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं. तेजू. साडेतीन मिनिटं." लॅबचा रिपोर्ट वाचतात त्या आवाजात.

"मग विचारलं का नाहीस?"

"तू दहावीत होतीस."

मी रडायला लागले. ती आली नाही जवळ. कोटाची बाही सरळ करत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आधी मला कॉल आहेत. तीन. पावणेचारपासून. तापाचा सीझन होता, रांग दारापर्यंत. मी दुसऱ्यांच्या पोरांच्या प्लेटलेट मोजत होते. उचलला नाही."

मी म्हटलं, मग नंतर लावला का नाहीस.

इस्त्रीचा दिवा दोनदा लागला, विझला.

"घरी आल्या आल्या तुला विचारलं होतं, दादाचा फोन आला होता का. तू म्हणालीस हो, मजेत आहे."

हे मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. तीन वर्षं मी एक गप्प राहणं घेऊन फिरत होते. मी गप्प नव्हतेच राहिले. मी बोलले होते. आणि आता आठवतंय, मी तेव्हा चपाती खात होते.

आई म्हणाली, "ओरडायचं असतं तर तेव्हाच ओरडले असते. पण मग मला माझंही सांगावं लागलं असतं." मग पप्पांची बेल वाजली आणि तिनं जाऊन दार उघडलं.

४ ऑग., सोम.

पप्पा अर्धा दिवस टाकून घरी. लॅपटॉप टेबलावर उघडा, स्वीकारा असं बटण. तीन वाजले, साडेतीन वाजले. कुणी हात लावेना. पप्पांनी एकदा पेपर वाचला, मग परत तोच पेपर वाचला.

चार-चाळीसला आई आली. लॅबमधून मधूनच निघाली होती, कोट अंगावर. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला जायचंय का? दादासाठी नाही. तुला."

मी म्हटलं, माहीत नाही. मग म्हटलं, हो. कॉम्प तिकडचं खरंच चांगलं आहे. आणि मला ती जागा घाबरत घाबरत आयुष्यभर टाळायची नाही. हे मी असं नीट नाही बोलले, तुटक बोलले, पण तिला कळलं.

तिनं बटण दाबलं. ओटीपी पप्पांच्या फोनवर. पप्पांनी फोन हातात धरला आणि वाचलाच नाही. वेळ संपली. आईनं दुसरा मागवला. तिनं फोनसाठी हात पुढे केला, तर पप्पांनी दिला नाही. स्वतः वाचला. एकेक आकडा, थांबून थांबून. चार-त्रेपन्नला सीट स्वीकारली गेली. लॅपटॉपच्या कोपऱ्यात अजून दादाचंच नाव आहे, लॉगिनचं.

आता गुरुवारपर्यंत मूळ कागद घेऊन तिकडे हजर व्हायचं. नाही झालं तर सीट आपोआप जाते. पप्पांनी हे वाक्य मोठ्यानं दोनदा वाचून दाखवलं.

संध्याकाळी आई म्हणाली, "माझी एकच अट. अंग जरा जरी गरम झालं तर पहिला फोन मला."

"तू उचललास तर."

तोंडातून निघून गेलं. परत घेता आलं नाही, आणि घ्यावंसं वाटलंही नाही. आईनं कणकेतून हात काढला नाही. म्हणाली, "आणि तू खरं सांगितलंस तर."

मग तिनं पाण्याचं भांडं पुढे सरकवलं, मी कणकेत पाणी घातलं. तीन वर्षांत आम्ही एकमेकींशी एवढं खरं बोललो नव्हतो. बरं वाटलं की वाईट, ते अजून कळत नाही.

बुधवारी सकाळची गाडी आहे. मी आणि आई. तिकिटं पप्पाच काढत होते, फोनवर. मान वर न करता त्यांनी विचारलं, परतीची किती काढू, एक की दोन?